कचऱ्यावर उगवलेलं जंगल

तुमच्या ऑफिसपासून तासाभराच्या आत एक जंगल आहे. खरंखुरं! तांबट आहे, खंड्या आहे, फुलपाखरं आहेत. आणि हे सगळं उभं आहे मुंबईकरांनी वर्षानुवर्षं फेकलेल्या कचऱ्यावर. या रविवारी मॉलला सुट्टी द्या आणि माहीम नेचर पार्कला जाऊन या. पण त्याआधी थोडा वेळ लोअर परळला थांबू या. या जंगलाची खरी किंमत तिथेच कळते.

लोअर परळमध्ये दुपारी दीड वाजता डबा खायला जागा शोधणं, हा एक साहसी खेळच आहे. ऑफिसच्या कॅफेटेरियात रांग. खाली फूड कोर्टात त्याहून मोठी रांग. बाहेर यावं, तर फुटपाथवर बाइक्स, त्यांच्यापलीकडे टॅक्सी, आणि उरलेल्या फूटभर जागेत तुम्ही, तुमचा डबा आणि तुमचा मोबाइल. झाड म्हणून जे काही दिसतं, ते इमारतीच्या लॉबीत, चकचकीत कुंडीत. हात लावून बघितलं तर बऱ्याचदा तेही प्लॅस्टिकचं निघतं!

अशाच एका दुपारी, कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग घेताना मी तिथल्या नानांना सहज विचारलं, ‘नाना, इथे जवळपास जरा बसायला बाग नाही का हो?’

नाना सत्तरीला आलेले. तरुणपणी इथल्याच एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. गाळणीतला चहा हलवत ते म्हणाले, ‘बाग? अरे बाळा, तू उभा आहेस ना, तिथेच व्हायची होती.’

मला वाटलं, नाना गंमत करतायत. घरी येऊन थोडं वाचलं, आणि कळलं की गंमत नाना करत नव्हते. ती आपल्या सगळ्यांची झाली होती.

बाग गेली कुठे?

जरा फ्लॅशबॅक. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून थंड झाल्या. भोंगे बंद झाले, चिमण्यांमधून धूर यायचा थांबला, आणि शहराच्या अगदी पोटात सुमारे ६०० एकर जमीन नुसती पडून राहिली. ६०० एकर! आजच्या मुंबईत ६०० चौरस फुटांसाठी आपण वीस वर्षांचं होम लोन घेतो, हे डोळ्यांसमोर ठेवा म्हणजे आकडा पोचेल.

या जमिनीचं करायचं काय? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा एक नियम होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल, तर साधारण एक-तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि उरलेली मालकाला. हिशेब सरळ होता. ६०० एकरांचा तिसरा हिस्सा म्हणजे २०० एकर. शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं आहे. म्हणजे परळ-लालबाग-वरळीच्या पट्ट्यात सात शिवाजी पार्क! तुम्हीच सांगा, लंच टाइमला कुठल्या शिवाजी पार्कात बसायचं, यावर ऑफिसात वाद झाले असते की नाही?

पण मालकांना हा सौदा परवडेना. दहा वर्षं फारसं काही हललं नाही. मग २००१ मध्ये नियम बदलला. बदल कागदावर छोटासाच दिसत होता. आता हिस्से पाडायचे ते फक्त गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. शेड्स, गोदामं, साचेखाती जिथे उभी होती ती जमीन वाटणीतून बाहेर. आता गिरणी म्हटली की आवारात मोकळी जमीन असणार किती? पर्यावरणवाद्यांनी याचिका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. विषय संपला.

त्यानंतर जे झालं, ते आपण रोज बघतो. किंबहुना आपण रोज त्यातच राहतो. काचेचे टॉवर्स, मॉल, पब, ब्रुअरी, को-वर्किंग स्पेस. मला यातल्या कशाचाच तिटकारा नाही. माझा पगार इथूनच येतो आणि शुक्रवारी रात्री मीही इथेच असतो. पण जिथे तीन पाळ्यांमध्ये गिरणी कामगार यायचे, तिथे आता एकाच वेळी, सकाळी नऊ ते अकरामध्ये, सगळे ऑफिसवाले उतरतात. स्टेशन तेच, गल्ल्या त्याच, पूल तेच. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, पाऊस चुकवत थांबलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. त्यात आपल्यासारखेच कामावर निघालेले लोक होते. मोकळी जागा म्हणजे सुंदर दिसणारी हिरवळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा दिवस आठवावा. मोकळी जागा म्हणजे माणसांना श्वास घ्यायला आणि पाऊल टाकायला जागा. आधी ती, मग सौंदर्य.

चला, धारावीला!

तर नानांचं ते वाक्य डोक्यात घेऊन एका रविवारी सकाळी मी माहीम नेचर पार्कला गेलो. पाटीवरचं पूर्ण नाव ‘महाराष्ट्र निसर्ग उद्यान’. सायन-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस डेपोच्या समोर. या रस्त्यावरून आपण शेकडो वेळा गेलेलो असतो. बीकेसीला मीटिंग असते, एअरपोर्ट गाठायचं असतं, काच वर असते, एसी चालू असतो आणि डोळे फोनमध्ये असतात. रस्त्याच्या एका बाजूला धारावी, एवढंच आपण बघतो. दुसऱ्या बाजूच्या झाडांकडे कोण बघतो?

गेटमधून आत शिरलो आणि पहिल्यांदा जाणवला तो आवाजातला फरक. शंभरेक पावलं चाललं की मागचे हॉर्न पुसट होतात. बंद होत नाहीत हं, उगाच थापा कशाला मारा! पण त्यांच्यावर दुसरे आवाज चढतात. कुठून तरी तांबटाचं ठोक-ठोक-ठोक, जणू शेजारच्या गल्लीत कुणी भांडी घडवतंय. बुलबुलांची भांडणं. पानातून घुसणारा वारा.

पायवाट बांबूच्या बेटांतून जाते, मग करंज, शिवण, उंबर, बहावा अशी आपल्याच मातीतली झाडं लागतात. त्यांच्या पायाशी पानांचा जाडसर थर. बागेत असतो तसा कापलेला, ‘हिरवळीवर चालू नये’वाला लॉन इथे शोधू नका. इथे पडलेलं पान उचलून फेकत नाहीत, ते तिथेच कुजतं आणि माती होतं. फुलपाखरांसाठी वेगळी झाडं लावलेला भाग आहे, औषधी वनस्पती आहेत, रोपवाटिका आहे, पावसाचं पाणी साठवणारं तळं आहे. तळ्याकाठी एक खंड्या बसला होता. इतका निवांत, की त्याच्याकडे कुठलीच डेडलाइन नसावी.

आकडेवारीच हवी असेल तर घ्या. क्षेत्रफळ सुमारे ३७ एकर. पक्ष्यांच्या शंभराहून जास्त जातींची इथे नोंद झाली आहे आणि फुलपाखरांच्या ऐंशीच्या आसपास. झाडं-झुडपं हजारोंनी. आणि हे सगळं मुंबईच्या भौगोलिक मध्यावर, देशातल्या सगळ्यात दाट वस्त्यांपैकी एकीला अगदी खेटून.

आता खाली बघा. तुमच्या स्पोर्ट्स शूजच्या खाली, त्या पानांच्या आणि मातीच्या थराखाली काय आहे? कचरा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने फेकलेला.

कचऱ्यावर जंगल कसं उगवतं?

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत इथे शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं. माहीमच्या खाडीकाठची ओली जमीन, तिच्यावर ट्रकच्या ट्रक रिकामे व्हायचे. डम्पिंग थांबलं तेव्हा उरला तो कुजका, वास मारणारा उंचवटा. इथे निसर्ग उद्यान करावं, ही कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाच्या मंडळींनी मांडली तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली असेल. पण मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे आपल्या एमएमआरडीएने, ती उचलून धरली. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते इथे झाड लावलं गेलं. २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरादिनी, उद्यान लोकांसाठी खुलं झालं. मधली अकरा वर्षं? झाडं वाढत होती. त्यांना कुणी ‘फास्ट ट्रॅक’वर टाकलं नाही, हेच बरं झालं.

कचऱ्यावर झाड लावणं म्हणजे खड्डा खणला आणि रोप खोचलं, इतकं सोपं नसतं. आत कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू येत राहतो. मुळांना हवा मिळत नाही. झिरपणारं पाणी विषारी असतं. जमीन एकसारखी खचत नाही, आज सपाट दिसणारी जागा पुढच्या पावसाळ्यात बसते. म्हणून आधी वर माती आणून पसरावी लागते. मग हलाखीत तग धरणारी, झटपट वाढणारी झाडं लावायची. त्यांची पानं पडतात, कुजतात, माती जरा सुधारते. सावली पडते, ओल टिकते. मग त्या सावलीत नाजूक, सावकाश वाढणारी झाडं येतात. पक्षी येतात, फळं खातात आणि बिया टाकून जातात. काही वर्षांनी माणसाने लावलेलं कुठलं आणि पक्ष्याने लावलेलं कुठलं, हे सांगता येत नाही. असं झालं की समजायचं, जंगल आता आपल्या पायावर उभं राहिलं.

इथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. गेली काही वर्षं ‘सस्टेनेबल’ हा शब्द आपल्या प्रेझेंटेशन्समध्ये कोथिंबिरीसारखा सगळीकडे भुरभुरलेला असतो. पण त्याचा साधा अर्थ इथे बघायला मिळतो. ही बाग रोज टँकरने पाणी आणून जगवायची असती, तर एका उन्हाळ्यात बजेट कापलं गेलं की संपली असती. इथे पावसाचं पाणी अडवून ते वर्षभर वापरायची सोय सुरुवातीपासून केली. खत इथल्याच पानांचं. रोपं इथल्याच रोपवाटिकेतली. झाडं बहुतांशी इथल्या पावसाची सवय असलेली. कुठल्याही नव्या ‘ग्रीन’ प्रोजेक्टचं उद्घाटन बघाल, तेव्हा मनात हे दोन प्रश्न विचारून बघा. एप्रिल-मेमध्ये याला पाणी कुठून येणार? आणि पाच वर्षांनी, फीत कापणारे बदलल्यावर, याची देखभाल कोण करणार? उत्तर मिळालं नाही तर ती बाग नव्हे, शोभेची कुंडी आहे. लॉबीतल्यासारखी.

खाडीपलीकडच्या काचा

पार्कच्या मागच्या बाजूला मिठी नदी आहे. नदी म्हणायला जीभ धजावत नाही, पण आहे नदीच. विहार आणि पवईकडून निघून माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत जवळजवळ १८ किलोमीटर वाहते. इथे तिच्या काठाला तिवरांची दाटी आहे आणि पलीकडे चमकतात बीकेसीच्या काचा.

हे दृश्य मी बराच वेळ बघत राहिलो. अलीकडे कचऱ्याचं जंगल झालं, आणि पलीकडे खाडीकाठच्या दलदलीचं बिझनेस डिस्ट्रिक्ट. गंमत म्हणजे दोन्हीमागे प्राधिकरण एकच. बीकेसी हवं होतंच. नरीमन पॉइंटवरचा भार हलका करायला दुसरीकडे ऑफिसं हलवणं गरजेचं होतं, आणि तुमच्यापैकी निम्मे लोक आज तिथे कामाला असतील. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मिठीला पसरायला जागा उरली नव्हती. ओली जमीन, तिवरं, मोकळी माती म्हणजे शहराचा स्पंज. तो काढून काँक्रीट घातलं की पाणी आपल्या घरात येतं. त्या रात्री ऑफिसच्या टेबलावर झोपलेले सीनियर्स अजून तुमच्या ऑफिसात असतील, विचारा त्यांना.

म्हणून शहराच्या पडीक भागात हिरवाई आणणं, हा नुसता सुशोभीकरणाचा कार्यक्रम नाही. त्या ३७ एकरांवर पडणारा पाऊस मातीत मुरतो. झाडांखाली भर दुपारी लिंक रोडपेक्षा कितीतरी सुसह्य वाटतं. घाम पुसत आत आलेला माणूस दहा मिनिटांत माणसात येतो, हा माझा स्वतःचा अनुभव. मुंबईत माणशी मोकळी जागा येते जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर, म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या डेस्कएवढीच. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती दहा ते बारा चौरस मीटर असायला हवी. फरक किती, ते मोजायला एक्सेल लागत नाही.

न्यूयॉर्कचा उलटा धडा

‘मग प्रत्येक ओसाड जागेवर पार्क करून टाकू या,’ असं वाटलं ना? मलाही वाटलं. पण थांबा.

ऑनसाइट किंवा ट्रिपच्या निमित्ताने न्यूयॉर्कला गेलेल्या मित्रमैत्रिणींच्या फोटोंत ‘हाय लाइन’ हमखास असते. मॅनहॅटनच्या पश्चिमेला, रस्त्याच्या वर उचललेला मालगाडीचा जुना मार्ग. १९३४ मध्ये सुरू झाला, १९८० मध्ये शेवटची गाडी धावली. मग वीस वर्षं तो गंजत पडला आणि त्यावर आपोआप रानगवत उगवलं. महापालिका तो पाडायला निघाली होती. १९९९ मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड या दोन स्थानिक रहिवाशांनी तो वाचवण्यासाठी संस्था काढली. २००९ मध्ये पहिला टप्पा उघडला, आणि आज तिथे २.३ किलोमीटर लांबीची हवेतली बाग आहे. दरवर्षी लाखो लोक येतात. जगभरातल्या नगररचनाकारांची ती लाडकी.

पण झालं काय, की बाग आली तसे आजूबाजूच्या जागांचे भाव आकाशाला भिडले. लक्झरी टॉवर्स आले, गॅलऱ्या आल्या आणि जुनी छोटी दुकानं, गॅरेजेस, कमी उत्पन्नाची भाडेकरू कुटुंबं यांना तिथे परवडेनासं झालं. बागेच्या बाजूलाच सरकारी घरांच्या वसाहती आहेत. तिथल्या लोकांना ही बाग आपली वाटलीच नाही, ते फारसे वर फिरकले नाहीत. हॅमंड यांनी स्वतः २०१७ मध्ये हे जाहीरपणे कबूल केलं. बाग कशी दिसावी हे आम्ही लोकांना विचारलं, त्याऐवजी तुमच्यासाठी काय करू, हे विचारायला हवं होतं, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. इतकं यशस्वी काम केलेल्या माणसाने हे म्हणणं, याला मोठं मन लागतं.

हे वाचल्यावर मला नेचर पार्कबाहेरचा रस्ता आठवला. रस्त्याच्या पलीकडे लाखो लोकांची धारावी. तिथलं घर म्हणजे बऱ्याचदा एक खोली, तिच्यात संसार, आणि वर पोटमाळ्यावर कारखाना. या लोकांएवढी ३७ एकर सावलीची गरज शहरात दुसऱ्या कुणाला असेल? मी गेलो त्या दिवशी आत शाळेच्या मुलांचा एक घोळका होता. त्यातला एक पोरगा अळी बघून ‘टीचर, ये जिंदा है!’ असं इतक्या जोरात ओरडला, की तो खंड्या उडाला. माझा सकाळचा बर्ड-वॉचिंगचा मूड गेला खरा, पण त्या पोराचा दिवस सार्थकी लागला.

आता धारावीचा पुनर्विकास सुरू झाला आहे. तो जाहीर झाला तेव्हा पहिली धास्ती याच झाडांविषयी वाटली. हे उद्यान संरक्षित वन म्हणून घोषित आहे. तरी शंका राहिली, आणि २०२३ मध्ये प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. उद्यान या प्रकल्पाच्या बाहेर आहे, असं तिथे यंत्रणेकडून सांगण्यात आलं. चांगली गोष्ट आहे. पण लोअर परळमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पाठ असते. बाग जेसीबीने मोडायची गरज नसते. नियमातलं एक वाक्य बदललं तरी पुरतं.

आणि दुसरी काळजी न्यूयॉर्कची. उद्या पलीकडे टॉवर्स उभे राहिले आणि जाहिरातीत ‘फॉरेस्ट व्ह्यू’ अशी ओळ झळकली, तर त्या खिडकीतून जंगल बघणारे कोण असतील? अळी बघून ओरडणारा तो पोरगा तेव्हा कुठे राहत असेल? जंगल वाचलं आणि शेजारी गेले, तर याला शहर सुधारलं म्हणायचं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पुनर्विकासात घर कुठे मिळणार आणि झाडं कुठे राहणार, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्यांनी डम्पिंगचा वास सोसला, पहिली सावली त्यांची.

पुढची बाग

लोअर परळवाल्यांसाठी एक बातमी शिल्लक आहे. आपल्या ऑफिसच्या खिडकीतून दिसणारं महालक्ष्मीचं रेसकोर्स! २०२४ मध्ये निर्णय झाला, की २११ एकरांपैकी ९१ एकर रेस क्लबकडे राहतील आणि १२० एकर महापालिकेकडे येतील. ही जागा कोस्टल रोडलगतच्या हिरव्या पट्ट्याशी जोडून मोठं सार्वजनिक उद्यान करायचं ठरलं आहे. गिरण्यांच्या जमिनीवर सात शिवाजी पार्कं हुकली. त्यातली चार तरी इथे पदरात पडतील.

पण ती पडतात का, हे बघायला कुणीतरी हवं. गिरण्यांचा नियम बदलला तेव्हा आपण शाळा-कॉलेजात होतो, किंवा जन्मलोही नव्हतो. आता ती सबब चालणार नाही. आराखडे जाहीर होतात, हरकती-सूचना मागवतात, त्याला मुदत असते. आपण दिवसाला शंभर मेल पाठवतो, त्यात एक हरकतीचा धाडायला किती वेळ लागतो? तिथे झाडं कुठली, पाणी कुठून, जमिनीखाली काय काय बांधणार, आणि आत यायला कुणाला किती पैसे पडणार, एवढं जरी विचारलं तरी पुष्कळ झालं.

आणि ज्यांना मेल-बिल नको, त्यांच्यासाठी सोपा मार्ग. वापरा! बागा वापरणारी माणसं असली की त्या गिळणं अवघड होतं. रविवारी नेचर पार्कात गर्दी दिसली, तर उद्या त्याच्या कुंपणाला हात लावताना कुणीही दोनदा विचार करेल.

जायचंय?

कसं जाल: वांद्रे किंवा सायन स्टेशनला उतरून धारावी डेपोकडे जाणारी बस किंवा रिक्षा पकडा. मेट्रो तीनचं धारावी स्थानकही मे २०२५ पासून सुरू झालं आहे. गाडी शक्यतो नकोच.

कधी जाल: सकाळी लवकर. पक्षी बघायचे तर हिवाळा, फुलपाखरं बघायची तर पावसाळा संपता संपता. पावसाळ्यात पायवाटा निसरड्या असतात आणि डास तुमची वाटच बघत असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. निघण्यापूर्वी वेळा विचारून घ्या.

काय न्याल: पाण्याची बाटली, दुर्बीण असेल तर दुर्बीण, नसेल तर नुसते डोळे. परफ्यूम, स्पीकर आणि वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा. या जागेने कचरा बराच पचवला आहे, आणखी नको.

कुणाला न्याल: शक्यतो लहान मुलं आणि म्हातारी माणसं. बॉसला नेऊ नका.

सोमवारी दुपारी पुन्हा टपरीवर गेलो. नानांना सगळं सांगितलं. कचऱ्यावर माती टाकून जंगल केलंय, तळं आहे, खंड्या आहे. नानांनी कटिंग पुढे केला. ‘सावली आहे?’

‘भरपूर.’

‘बसायला?’

‘आहे की.’

नाना जरा थांबले. मग हळूच विचारलं, ‘आणि आत सगळ्यांना सोडतात?’

‘सोडतात, नाना.’

‘मग येत्या रविवारी मला घेऊन चल,’ नाना म्हणाले. ‘पाय दुखतात, पण बसून राहीन झाडाखाली. तू बघ तुझे पक्षी.’